ही खुर्ची भरलेली समजा

हांडे सर पहिल्यांदा कॅन्टीनच्या काउंटरवर आले तेव्हा म्हणाले, "समजा, मला एक चहा पाहिजे."

मी चहा दिला. सरांनी चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, माझं वाक्य पुरं व्हायचं होतं. समजा, मला एक चहा पाहिजे, आणि समजा, दूधवाला आलेला नाही. तर तुम्ही काय कराल?"

मी म्हणालो की दूधवाला सकाळीच येऊन गेला.

"ते झालं. पण समजा, आला नसता?"

माझ्या नोकरीचा तो पहिला आठवडा होता. ही परीक्षा आहे आणि आपण नापास झालो तर संध्याकाळच्या गाडीनं हिंगोलीला परत, असंच मी धरून चाललो. कोरा चहा देईन, असं कसंबसं बोललो. सर प्रसन्न झाले. "उत्तर बरोबर," म्हणाले आणि दुधाचा चहा पिऊन गेले.

भीती वाटायचं कारण होतं. परीक्षा आणि माझं कधी जमलंच नाही. सातवीत मी शाळा सोडली, म्हणजे शाळेनं मला धरून ठेवायचा फार प्रयत्न केला असंही नाही. पुढं बरीच वर्षं मिळेल ते काम केलं. मग गावच्या टोळीबरोबर टोमॅटो तोडायला नारायणगावला आलो. हंगाम संपला, टोळी परत गेली, आणि मी राहिलो, कारण कॅन्टीनच्या शेठना माणूस पाहिजे होता. शेठ मूळचे राजस्थानातले, पण आता त्यांच्या मराठीत राजस्थान शोधून सापडत नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "चहा येतो का रे? लई पातळ नाय ना करत?" मी नाही म्हणालो. कॅन्टीनच्या मागची खोली मिळाली, खिडकी आणि पंख्यासकट. त्या दिवसापासून मी या लोकांचे उपकार मोजायचं सोडून दिलं. घरी आईनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की गजानन पुण्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. यात खोटं काहीच नाही, म्हणून मीही दुरुस्त करत नाही.

कॉलेज हायवेपासून आत, उसाच्या मधोमध आहे. दोन मजले पुरे झालेत. तिसऱ्याचे गज गेली कित्येक वर्षं आभाळाकडं बघत उभे आहेत. पोरं आसपासची. कुणी डिंगोऱ्याचं, कुणी महाळुंगे पडवळचं, आणि वरती तळेघरकडची दोन-चार, ज्यांची एसटी चुकली की तो अख्खा दिवसच चुकतो. सगळी मला गजाभाऊ म्हणतात. मी 'का'ला 'काहून' म्हणालो की हसतात, आणि मग दिवसभर एकमेकांना 'काहून' म्हणत फिरतात. पण जेवून झाल्यावर ताट उचलून ठेवतात. आमच्याकडं पाहुणेसुद्धा ठेवत नाहीत.

तर हांडे सर. पोरं त्यांना पाठीमागं समजा सर म्हणतात. ते यंत्रांचा एक विषय शिकवतात आणि त्यांचा वर्ग कॅन्टीनला लागून आहे. मध्ये एकच भिंत, तीही बिचारी सगळं ऐकू देणारी. भांडी घासता घासता मला शिकवणं ऐकू यायचं. समजा, दोरीला वजन नाही. समजा, चाकाला घर्षण नाही. समजा, हवा नाही. हवा नाही असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हात धुऊन गेलो आणि वर्गाची खिडकी बाहेरून उघडून दिली. सर म्हणाले, "धन्यवाद." पोरं बाक बडवून हसली. मला वाटलं, आपण वेळेवर गेलो.

सर स्वभावानं शंभर टक्के सरळ माणूस. पण कुठलीही गोष्ट आहे म्हणून टाकणं त्यांना धाडसाचं वाटतं. आधी ती समजायची, मग तिच्याभोवती एक फेरी मारायची, आणि मग ती असलीच तर तिच्याशी बोलायचं. एकदा सकाळच्या तासाला सरांनी खिडकीतून उसाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "समजा, बांधावर एक बिबट्या आहे." पोरांनी वहीत लिहून घेतलं. एकीनं बांधाची आकृती काढली. पुढच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, सर, बिबट्याचं वजन किती धरायचं? सर म्हणाले, "ते नंतर. आधी खिडकी लावा." तेव्हा कुठं सगळ्यांनी मान वळवली. बिबट्या तोवर कंटाळून निघून गेला होता.

पोरांनी या शब्दाचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. हजेरीच्या वेळी तळेघरच्या पोराचं नाव आलं की त्याचा मित्र उठून म्हणायचा, "सर, तो आलाय असं समजा." यावर सर पेन खाली ठेवायचे. "समजलं असतं. पण हजेरी समजता येत नाही. माणूस एक तर असतो, नाही तर नसतो." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. सर स्वतः हे वाक्य पाळत नव्हते, ते मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

कारण खुर्ची.

कॅन्टीनच्या कोपऱ्यात, बेसिनजवळ, एक लहान टेबल आहे. दोन खुर्च्यांचं. सर एक वाजता येतात, डबा उघडतात, माझ्याकडून एक वाटी उसळ घेतात आणि भिंतीकडं पाठ करून जेवतात. समोरची खुर्ची रिकामी. एक वाजता कॅन्टीनमध्ये अशी गर्दी असते की पोरं ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवतात. एकदा मी डिंगोऱ्याच्या ऋतुजाला म्हणालो, ताई, ती खुर्ची मोकळी आहे, बस की. ती जवळ जाताच सर नम्रपणे म्हणाले, "ही खुर्ची भरलेली समजा." ऋतुजानं खुर्चीकडं पाहिलं, सॉरी म्हणाली, आणि सॉरी खुर्चीला म्हणाली की सरांना ते तिलाही सांगता आलं नाही.

पोरांचं म्हणणं, सरांना जेवताना कुणी आवडत नाही. मला ते मान्य होतं. फक्त एक अडचण होती. खुर्ची भरलेली आहे तर बसलेल्याला पाणी नको का? उद्या सर म्हणाले, समोर पाणी का नाही, तर मी काय उत्तर देणार? म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला एक ग्लास भरून ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी सर त्या ग्लासकडं बराच वेळ बघत राहिले. जाताना फक्त तो टेबलाच्या कडेला होता तो जरा आत सरकवून गेले. मग मी रोजच ठेवू लागलो. संध्याकाळी ते पाणी कढीपत्त्याला घालायचो.

खुर्ची कुणाची ते मला भोर मामांनी सांगितलं. भोर मामा ऑफिसचे शिपाई. कॉलेजात आठवण चार वर्षांची असते. पोरं जातात, नवी येतात, त्यांना मागचं काहीच माहीत नसतं. आठवण राहते ती शिपायाकडं.

"गुंजाळची हाये ती," मामा म्हणाले. "वर्कशॉपला व्हता. सर आन् तो एकाच वर्षी लागले. रोज दोगं तिथं जेवायचे. सरांचं समजा सुरू झालं की गुंजाळ म्हनायचा, समजून झालं आसंल तर जेवा आता."

"मग गेले कुठं?"

"मेकॅनिकलला पोरं कमी झाली, तवा मान्सं कमी केली. गुंजाळ चाकणला गेला, कंपनीत. फिरकला न्हाई परत. आन् तू सरांना इचारू नको, गजा. लई जिव्हारी लागलंय."

मी कशाला विचारतोय. मी त्या दिवसापासून ग्लास जास्त घासून ठेवू लागलो, एवढंच.

आता मूळ गोष्टीकडं येतो. सरांच्या समजामुळं माझा जीव सारखा टांगणीला असायचा. त्यांचं मागणं कुठलं आणि समजणं कुठलं, हे कळायला काही खूण नव्हती. एकदा ते म्हणाले, "समजा, आज वीस पोरं जास्तीची जेवायला आली." मी वीस जणांचा भात जास्त टाकला. कुणीच आलं नाही. सर सहज विचारत होते, पातेलं पुरेल का. शेठनी तो भात बघितला आणि म्हणाले, "गजानन, हे बघ, तुला हाकलायचा माझा इचार नाय. पण आसा भात दुसऱ्यांदा दिसला तर इचार करावा लागंल." रात्री मला झोप आली नाही. खोली गेली तर पंखा गेला, पंखा गेला तर हिंगोली, आणि हिंगोलीत आईनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

तेव्हा मी एक नियम केला. समजा आलं की करायचं नाही. सर तीच गोष्ट पुन्हा बोलले तर करायची. नियम चांगला चालला. चहा जरा उशिरा जायचा, पण वाया काही जाईना. मला वाटलं, आपल्याला सर समजले.

मग ओरलचा दिवस आला.

ओरल म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येतात, त्यांना पोरं एक्स्टर्नल म्हणतात आणि देवासारखं घाबरतात. आमच्या कॉलेजात त्यांना दुपारी मासवडी द्यायची पद्धत आहे. मासवडी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की हे जैन शेठचं कॅन्टीन आहे, इथं असलं मिळणार नाही. मग कळलं की त्यात मासा नसतोच, बेसनाच्या आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी असते, फक्त दिसते माशासारखी. झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, आणि वर चार घास जास्तीचे. यानंतर एक्स्टर्नलच्या डोळ्यांवर अशी झापड येते की दुपारच्या पोरांना ते फक्त नाव विचारतात. सकाळच्या तुकडीत नंबर लागला तर पोरं नशिबाला दोष देतात. दुपारच्या तुकडीची पोरं मला आदल्या दिवशी येऊन सांगून जातात, गजाभाऊ, सारण भरपूर भर. पण पोरांच्या सांगण्यावर काही नसतं, मासवडी करायची की नाही ते ओरलची व्यवस्था बघणारे सर सांगतात. ऋतुजा या खेपेला दुपारच्या तुकडीत होती. तिचा हा विषय आधी एकदा राहिला होता, आणि पुन्हा राहिला तर घरचे शिक्षण थांबवून लग्नाचं बघणार, असं तिनं मला पोहे खाता खाता सांगितलं होतं, जसं कुणी उद्याच्या गाडीचं सांगावं.

आदल्या संध्याकाळी हांडे सर काउंटरवर आले.

"समजा, उद्या एक्स्टर्नल आले. समजा, दीड वाजता जेवायला बसले. समजा, मासवडी केली, तर रस्सा जरा बेताचा तिखट ठेवाल का?"

मी म्हणालो, "ठेवीन, सर."

आणि मी खोटं बोललो नव्हतो. केली असती तर ठेवला असता. सर "छान" म्हणून गेले. मी वाट बघितली की पुन्हा काही बोलतात का. सर सायकलचं कुलूप काढून घरी गेले. माझ्या नियमानं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता हांडे सर आणि एक्स्टर्नल हात धुऊन मधल्या मोठ्या टेबलाशी बसले. एक्स्टर्नल लांबून आलेले होते, अंगानं किडकिडीत, पण भूक अंगकाठीवर जात नाही. पोरांचं जेवण तोवर संपलेलं; माझ्याकडं सकाळचा उपमा उरला होता, घट्ट झालेला, आणि बिस्किटं. शेठ मंचरला बाजारात गेलेले. मी उपमा गरम करून दिला. एक्स्टर्नलनी दोन चमचे खाल्ले, चमचा ताटात सरळ ठेवला आणि म्हणाले, चला, सुरू करू.

त्या दुपारी भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं ते मी विसरणार नाही. एक्स्टर्नलना अजिबात झोप आलेली नव्हती. पहिल्याच पोराला त्यांनी सांगितलं, आता दोरीला वजन आहे असं धरा. या वर्गात दोरीला कधी वजन नव्हतंच. पोरगा चाचरत म्हणाला, सर, आमच्याकडं नसतं. पुढच्याला घर्षण विचारलं. ऋतुजाची पाळी आली तेव्हा मी घासणी थांबवली. ती म्हणाली, "सर, 'समजा, नाही' असं म्हणता येणार नाही का?" एक्स्टर्नल म्हणाले, नाही. ती पुढं काही तरी बोलत राहिली, हळू, पण बोलत राहिली. मला त्यातलं काही कळलं नाही. ती काठावर पास झाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव अडकायला नको. माझा दोन दिवस अडकला होता.

संध्याकाळी मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. शेठ बाजारातून थेट तिथंच आलेले. प्राचार्य शांतपणे बोलत होते, ते जास्त वाईट. एक्स्टर्नल रागावून गेले आहेत. कॉलेजचं नाव गेलं. पोरांचं नुकसान झालं. शेठ, उद्यापासून दुसरा माणूस बघा.

शेठ माझ्याकडं न बघता म्हणाले, "गजानन, माझा नाविलाज हाये बाबा."

मी हात जोडले. मनात एकच चाललेलं, की आईला काय सांगायचं. कॉलेज सुटलं असंच म्हणावं लागेल.

तेवढ्यात हांडे सरांना आत बोलावलं. ओरलची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. प्राचार्यांनी विचारलं, "सर, एकच सांगा. तुम्ही याला जेवणाचं सांगितलं होतं की नव्हतं?"

सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. म्हणाले, "समजा—"

आणि थांबले. मी त्यांना या शब्दानंतर थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. भोर मामा दारात पाण्याचा ट्रे घेऊन तसेच उभे.

"नाही," सर म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं. मी समजा म्हणालो होतो. चूक माझी आहे."

प्राचार्य म्हणाले की सर, प्रश्न एका जेवणाचा नाही, जबाबदारीचा आहे.

"गुंजाळच्या वेळी तुम्ही मला इथंच विचारलं होतं," सर म्हणाले. "याला ठेवायचं का म्हणून. मी म्हणालो, समजा, ठेवलं, तर काम कुठलं द्यायचं ते बघावं लागेल. तुम्ही मान हलवली आणि फाइल मिटली." सरांनी खुर्चीची पाठ सोडली. "माझं वाक्य पुरं व्हायचं होतं."

भोर मामांच्या ट्रेमधले ग्लास एकमेकांना लागून किणकिणले.

"आज पुरं करतो," सर म्हणाले. "गजाननला ठेवा."

एवढं बोलून ते निघून गेले. मग प्राचार्य शेठना म्हणाले, बरं, राहू द्या. आणि मला म्हणाले, यापुढं हांडे सरांकडून सगळं लेखी घेत जा. शेठ बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाचलास, भाऊ. आता उद्या मासवडी कर. कुणी समजू दे का नको समजू दे."

मी रात्रीच सारण कुटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता सर आले. डबा उघडला, पालथी वाटी सरळ केली. मी मासवडीचं ताट नेऊन ठेवलं, समोरच्या बाजूला पाण्याचा ग्लास ठेवला, आणि वळलो.

"बसा," सर म्हणाले.

मी मागं बघितलं, कुणी आलंय का. कुणी नव्हतं.

"सर, ती खुर्ची भरलेली आहे."

"नाही," सर म्हणाले. "रिकामी आहे. बसा."

मी बसलो, म्हणजे खुर्चीच्या काठाला टेकलो. माझ्यासमोर मीच ठेवलेला पाण्याचा ग्लास. सगळं कॅन्टीन आमच्याकडं बघत होतं. सरांनी मासवडीची एक वडी उचलली, उजेडाकडं धरली, उलटी केली आणि म्हणाले, "आता समजा, या सारणात तीळ नसते. आणि समजा, खोबरंही—"

माझ्या तोंडून निघून गेलं. कसं निघालं मला माहीत नाही, मी असा कुणाला बोलणारा नाही.

"समजून झालं असंल तर जेवा आता, सर."

सरांचा हात तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. कालची नोकरी आज गेली. मी उठायला लागलो. सरांनी वडी ताटात ठेवली, चष्मा काढला, रुमालानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि पुन्हा लावला. मग डब्यातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं ठेवली.

मी तिच्याकडं नुसता बघत बसलो. हात लावला नाही.

"खरी आहे," सर म्हणाले. "खा."